मोथ्याची पट्टी

आपल्या डुकरांनी गावातली घाण कधी तोंडात धरली नाही, हे तानुबाई कुणालाही ऐकवायची, त्यानं विचारलेलं नसलं तरी. टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांच्या पालांत तिच्याइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती. बाकीच्यांची डुकरं गावामागे मोकाट फिरत. ती मात्र आपल्या सात डुकरिणी आणि त्यांची पिल्लं हाकत रोज पूर्णेकाठच्या कुरणात न्यायची. चैतात मोहाची फुलं, उन्हाळ्यात उंबरांखालचा सडा, पावसाळ्यात तरोट्याचा कोवळा पाला आणि ओल्या मातीतली गांडुळं, ज्वारी निघाली की वावरात सांडलेली कणसं, थंडीत बोरं. आणि बारा महिने मोथा. हे गवत वरून अगदी किरकोळ, पण खाली काळ्या मातीत त्याच्या बोराएवढ्या गाठी असतात, आणि त्यांच्यासाठी डुकरीण हातभर माती उलथून टाकते. तानुबाईची जनावरं जांभळासारखी तुकतुकीत दिसत. चांदूरच्या बाजारात ती लांबूनच ओळखू यायची.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद पडला होता. लोकांनी परसातसुद्धा सरकी लावली. फाल्गुनातल्या एका सकाळी तानुबाई डुकरं घेऊन कुरणात पोचली, तर तिथे आठ बैलांचा नांगर चाललेला. बांधावर जानराव पाटील उभे.

"पाटील, हे काय करून राहिले तुमी? माही डुकरं आता कुठं चारू?"

"गावात सोड. साऱ्याइचे डुकरं घाणच खातेत. तुह्याच डुकराइले काहून पंगत लागते?"

गडी हसले. तानुबाईनं काठी आपटली आणि डुकरं वळवली.

कुरणातली एकच पट्टी उरली होती, नदीला लागून. तिथे मोथा इतका दाट होता, की नांगर घालायची कुणाची हिंमत नव्हती. सगळी जनावरं तिनं त्या चिंचोळ्या तुकड्यात कशीबशी जगवली.

पाटलांचा कापूस मात्र त्या वर्षी गुडघ्यावर गेलाच नाही. नांगरानं मोथ्याच्या गाठी तोडून वावरभर पसरवल्या होत्या. एकीच्या दहा झाल्या. निंदणाऱ्या बाया पुढे सरकेपर्यंत मागे पुन्हा हिरवं व्हायचं. शेवटी पाटील स्वतः पालांपर्यंत चालत आले.

"तुही डुकरं मोथा खातेत म्हणते ना तू?"

"गाठ अन् गाठ खातेत."

"मंग उन्हाळाभर घाल वावरात. बदल्यात नदीकाठची पट्टी तुह्या डुकराइले. तिले नांगर लागणार नाही. माह्या जबानीवर जा."

तानुबाई जबानीवर गेली. तिनं वावराचे नऊ भाग पाडले. एका भागाला बोरीच्या काट्यांचं कुंपण घालून त्यात डुकरं कोंडायची. चार-पाच दिवसांत तो तळापर्यंत उलथून निघाला, की काटे उचलून पुढच्या भागाला लावायचे. नुसत्या मोथ्यावर जनावर अंग धरत नाही, म्हणून दुपारी त्यांना नदीवर न्यायची, उंबरं खाऊ घालायची, चिखलात लोळू द्यायची. काट्यांनी तिच्या हातांची चाळण झाली.

"पाटलाचं वावर झाडून राहिली तू, अन् घरच्या टोपल्या तशाच पडल्या," तिचा नवरा नत्थू कुरकुरायचा.

"वावर नाही झाडत. पट्टी कमावून राहिली मी."

जेठात पाटलांनी स्वतः चार ठिकाणी खणून पाहिलं. एकही गाठ सापडली नाही. "डुकरं नाहीत, दहा निंदणाऱ्या हायेत ह्या!" ते चारचौघांत म्हणाले. तानुबाईला हसू लपवता आलं नाही. त्या साली पाटलांचा कापूस कमरेला लागला.

दिवाळीनंतर ती चांदूरच्या बाजारातून परतली, तेव्हा पट्टीत कुऱ्हाडी चालू होत्या. उंबराची झाडं आडवी झाली होती. एक तेवढं देवाचं म्हणून उभं ठेवलं होतं.

"पाटील, जबान दिली होती तुमी!"

"दिली होती. पण तवा मले का माहीत, मोथ्याची जमीन बी कामी येते म्हणून? तूच तर दाखवलं." पाटलांच्या आवाजात लबाडी नव्हती, खरंच कौतुक होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. "आता उन्हाळ्यात ही पट्टी बी साफ करून दे."

आजवर मोथ्यानंच ती पट्टी राखली होती. मोथा कसा काढायचा, ते गावाला तिनंच शिकवलं होतं. घरी येऊन तिनं टोपलीला लाथ मारली, नत्थूवर ओरडली, मग स्वतःवर.

पाटलीण पार्बताबाईला लाज वाटली असावी. तिनं मागच्या दारानं सरकीचं पोतं दिलं. "डुकराइले घाल, तानू. ढोरं तं आवडीनं खातेत."

दुसरं काही नव्हतंच. तानुबाईनं रोज सरकी घातली. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं धापा टाकू लागली. दोन मेली, मग आणखी एक. ढोरांना पचणारी सरकी डुकरांना बाधते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. उरलेली सरकी तिनं उकिरड्यावर ओतली. पार्बताबाईनं तर चांगल्या मनानं दिली होती. राग काढायचा तरी कुणावर?

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावचा सूर्यभान आला. त्याच्याही वावरात मोथा माजला होता.

"तुह्या डुकराइले महिनाभर चारा होईन, तानुबाई."

"अन् वावर साफ झाल्यावर ते कुठं जातीन?"

सूर्यभान घोटाळला. "मंग... गावात?"

"मोथा राहू दे तुह्या वावरात. मी नाही काढत."

तो गेल्यावर नत्थू भडकला. "महिन्याचा चारा लाथाडला तू! जनावरं का तुह्या तोऱ्यावर जगतीन?"

नत्थूचंही खरंच होतं. पण दुसऱ्याची जमीन साफ करून स्वतःच्या जनावरांच्या तोंडचा घास आणखी एकदा काढायचा, हे तिच्यानं होईना.

माघात त्यांनी पालं उतरवली, गाढवांवर लादली आणि सातपुड्याच्या पायथ्याची वाट धरली. तिकडे अजून मोहाची झाडं होती, पडीत रान होतं, असं कुणी तरी सांगितलं होतं. वाटेला दोन्ही अंगांना कापूसच कापूस. डुकरांना थांबू देता येईना, तोंड खाली घालू देता येईना. दुपारी एक डुकरीण सटकून वावरात घुसली. मालकानं ढेकूळ भिरकावलं, आईवरून शिवी दिली.

"मोथाच उकरून राहिली ना ते! तुहा कापूस नाही खात!" तानुबाई घसा फाटेस्तोवर ओरडली.

त्यानं दुसरं ढेकूळ उचललं. नत्थू वावरात शिरला, डुकरिणीला वळवून रस्त्यावर आणलं. सातपुडा अजून दोन दिवसांच्या वाटेवर होता, आणि तोवर सगळ्यांनाच उपाशी चालायचं होतं.