काळी पावती

आमच्या आईला सुरकुती सहन होत नाही. इस्त्रीला आलेल्या कपड्यांच्या खिशात नोट, चिठ्ठी, बसचं तिकीट, काहीही सापडलं की ती त्यावरून इस्त्री फिरवते आणि कपड्यांच्या घडीवर ठेवून परत देते. लोक कौतुक करतात. त्या सवयीपायीच माझं कॉलेज सुटायची वेळ आली.

प्रवेश घेताना फीमाफीचा अर्ज दिला की कॉलेजच्या खिडकीतलं यंत्र एक गुळगुळीत पावती देतं. माझी पावती चार दिवस दप्तरात चुरगळून पडली होती. ती आईच्या हाती लागली. साहेबासमोर असा कागद न्यायचा का, म्हणत तिने इस्त्री फिरवली आणि पावती तव्यासारखी काळी झाली. तसला कागद उष्णतेनेच छापतात, हे आम्हाला नंतर कळलं. आईने इस्त्री उभी करून ठेवली. मी तिला खूप बोलले. हात दाखवून अवलक्षण म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

मूळ पावती शुक्रवारी पाचच्या आत दाखवायची, नाहीतर माफी रद्द. माफी रद्द म्हणजे पूर्ण फी, आणि पूर्ण फी म्हणजे आमच्यासाठी कॉलेज बंद. मी तीन दिवस त्या खिडकीसमोर उभी राहिले. आतला कारकून वाईट नव्हता, त्याचं एकच वाक्य होतं, पावतीशिवाय होत नाही. तिथे माझ्यासारखे आणखी सहा जण भेटले. एकीची पावती धाकट्या भावाने चघळली होती. हमाली करणाऱ्या एकाने ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि घामाने सगळी पुसली गेली. आम्ही सात जणांनी नावं आणि आठवत होते ते अर्जाचे नंबर एका कागदावर लिहून आत दिले. कारकुनाने तो न वाचता परत सरकवला. पूर्ण फी भरणाऱ्यांची पावती थेट फोनवर येते, हे मला तिथेच कळलं. कागद सांभाळायचा तो फक्त आम्ही. माझं डोकंच फिरलं.

आता झग्यांचं सांगते. पदवीदानाचे दोनशे ऐंशी काळे झगे कॉलेज दरवर्षी आमच्याकडेच इस्त्रीला पाठवतं. आमच्या घरातून कॉलेजात आजवर गेलं ते एवढंच. समारंभ शनिवारी सकाळी होता. शुक्रवारी दुपारी दोनला शिपाई गाडी घेऊन आला. चाळीस-चाळीसचे सात गठ्ठे बांधून तयार होते.

आईने त्याच्याकडे पावती मागितली.

शिपाई हसला. इतक्या वर्षांत कुणी मागितली नव्हती. आईने टांगलेले शर्ट बाजूला सारले. त्यांच्यामागे आमच्या दुकानाची जुनी पाटी होती, पावतीशिवाय कपडे मिळणार नाहीत. मी स्वतः ती पाटी विसरले होते. शिपाई फोन करायला बाहेर गेला तेव्हा मी आईला हळूच म्हटलं, नको गं, पुढच्या वर्षीचं काम जाईल.

"जाऊ दे," आई म्हणाली. "पावती मी जाळली ना? मग मीच निस्तरते."

साडेचारला कॉलेजचे रजिस्ट्रार स्वतः आले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, मी कुजबुजले. म्हणजे गाढव मी का, आईने विचारलं आणि साहेबांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"बाई, झगे आमचेच आहेत. प्रत्येकाच्या कॉलरला कॉलेजचं नाव शिवलंय."

"ही मुलगीही तुमचीच आहे. तिचं नाव तुमच्या कॉम्प्युटरात आहे, तरी पावतीशिवाय माफी नाही म्हणता."

"आमचा नियम असतो, बाई."

"माझाही आहे. पाटी वाचा."

साहेबांनी पाटी वाचली, घड्याळ पाहिलं आणि खिडकीवरच्या कारकुनाला फोन लावला. मी नंबर सांगितला. आहे साहेब, कारकून म्हणाला, अर्ज मंजूर आहे, आत्ता नोंद करतो. एक कॉलर इस्त्री करायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. तेवढ्याशा कामासाठी मला तीन दिवस उभं केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त राग आला.

आईचा जीव भांड्यात पडला. ती गठ्ठे उचलायला वाकली आणि मी पहिल्या गठ्ठ्यावर हात ठेवला. दुपारी नको म्हणणारी मीच.

"एकच न्या," मी म्हणाले. "माझ्या नावाचे चाळीस. अजून सहा नावं आहेत."

साहेबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग सरळ उभी राहून पदराला हात पुसले. मी तो कागद काढून वाचायला लागले. एक नंबर, एक फोनवरचा होकार, एक गठ्ठा गाडीत. शिपायाला मजा वाटायला लागली होती, तो गठ्ठे मोजून मोठ्याने सांगत होता.

सातव्याला अडलं. हमाली करणाऱ्याच्या पावतीवरचा नंबरच घामाने गेला होता, कागदावर नुसतं नाव होतं. कारकून म्हणाला, नावाने शोधायला वेळ लागेल. पाचला दहा कमी होते. सहांचं झालं ना, साहेब म्हणाले, आता पुरे.

"शोधू दे," आई म्हणाली. "आम्ही थांबतो."

तिने स्टूल पुन्हा पुढे सरकवलं. या वेळी साहेब बसले. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी नाव सापडलं.

जाताना साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी काम कुणाला द्यायचं ते बघू. आईने पावतीपुस्तक पुढे केलं, माल मिळाल्याची सही घेतली आणि बघा म्हणाली. त्यांनी बघितलं. झगे आता दुसरीकडे जातात. आमचं नुकसान झालं, नाही असं नाही.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात आम्ही सात जणांनी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पावती हरवली तरी नावाने नोंद शोधून मिळेल, मिळेपर्यंत खिडकी सोडू नये. तो कागद खिडकीशेजारी चिकटवायचा होता. कुणाची परवानगी घेतली नव्हती.

नेण्याआधी मी तो दुकानात आणला, तर गुंडाळून त्याला वळ्या पडलेल्या. आईने तो हातात घेतला, उलटसुलट केला, कोपरा बोटांनी चोळून पाहिला.

"साधाच आहे ना गं कागद?"

साधाच आहे, मी म्हटलं. मग तिने त्यावरून इस्त्री फिरवली.