वीस मिनिटांनंतरचा फोटो

माझ्या हातची मुळी पिऊन चाकणच्या कंपन्यांतली किती पोरं काविळीतून उठली, कुणालाही विचारा. सही करताना पेन तीनदा उचलावं लागतं मला, पण मुळी उगाळताना हात कधी थांबला नाही.

एकटा खंडू तेवढा गेला. माझा थोरला. त्यालाही नऊ वर्षं झाली.

आता धाकट्या धनेशचे डोळे पिवळे झाले. सून वर्षालीनं माझं काही ऐकून न घेता त्याला संत तुकाराम नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "झाडपाल्याचं काही देताय का?"

"आमी काय अडाणी हाय?" मी म्हणाले. मुळी तर मी त्याला रोज वर्षाली उठायच्या आधी देत होते. ताकातून. बायकोला सांगू नकोस म्हणून.

आज एमआरआय होता. मशीनवरच्या बाईनं समजावलं, "आजी, हातातून औषध सोडलंय. वीस मिनिटांनी फोटो घ्यायचा. चांगलं लिव्हर ते औषध ओढून घेतं, पांढरं दिसतं. काम मंदावलेलं असलं की काळपट राहतं."

"माझ्या लेकाचं पांढरंच येईल. तुमचं मशीन धड आहे ना तेवढं बघा."

बाहेर बसले. दाराआडून मशीनचे ठोके येत होते. आणि खंडू शेजारी येऊन बसला. तो येतो असा. मुळी उगाळायला घेतली की उंबऱ्यात उभा राहतो. कंपनीचा निळा शर्ट, हळदीचे डोळे. एरवी बोलत नाही. आज बोलला.

"आई, मी कधी प्यायलो गं?"

मी पदर तोंडात धरला. तो गेला तेव्हा माझ्या मुळीला बोल लागू नये म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं होतं, दारूनं गेला. त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर धनेशचं लिव्हर. पांढरं व्हायचं तिथं तव्याच्या बुडासारखं काळं.

"काम फार कमी झालंय. असंच राहिलं तर दुसरं लिव्हर बसवायची वेळ येईल. दारू घेतात?"

"नाही," वर्षाली म्हणाली. मग अडखळली. "पण यांचे थोरले भाऊ दारूनंच गेले. हेही चोरून घेत असतील तर..."

बाईंचं पेन कागदावर चालू झालं. एका लेकाला दारुडा म्हणवून मी चितेवर ठेवलं होतं. आता दुसऱ्याचंही तेच लिहिलं जात होतं.

"खोडा ते," मी म्हणाले. "मुळी दिली मी. ह्याला अठरा दिवस. खंडूला महिनाभर दिली व्हती. तो पीत न्हवता."

"आई, माझ्यापासून लपवून तुम्ही..." वर्षाली म्हणाली.

"आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "उरलेली मुळी घेऊन या, तपासू. त्यामुळंच झालं असेल तर लिव्हर सावरू शकतं. महिन्यानं पुन्हा फोटो काढू. खात्री मात्र देत नाही."

धनेश कपडे बदलून आला. त्यालाही सगळं सांगितलं, मीच. खंडूचं ऐकताना तो भिंतीला टेकला.

"विजयश्रीला माहितेय?"

विजयश्री खंडूची लेक, हिंजवडीला नोकरीला. बापाचं नाव निघालं की उठून जाते.

"न्हाई."

धनेशनं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. खंडू समोर उभा होता. पलीकडं रिंग वाजत होती.