मेणाच्या दातातली खाच

दात बनवायला शिकवणाऱ्या वर्गात ओयगुलनं मेणाचा दात टेबलावर ठेवला आणि मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं. वरचा, पुढचा पटाशीचा दात, खऱ्याच्या तिप्पट. तो पसंत पडला तर उद्यापासून नकली जबड्यावर काम. नाहीतर सोबतच्या मुली पुढे जाणार आणि ही आणखी एक सत्र मेणच कोरत बसणार.

सोबिर उस्तादांनी दात उचलून खिडकीशी नेला. मूळ छान उतरलं होतं, मागचा खोलगटपणाही. मग त्यांचं बोट धारेवर थबकलं.

"ही खाच कसली गं?"

"असतेच ना, उस्ताद."

"कुठं असते?"

"सगळ्यांच्याच दाताला. माझ्या, आईच्या. आजीची तर चांगलीच खोल. आरशात बघून बघून कोरलाय मी."

उस्तादांनी एक मोठा श्वास घेतला. "घरी सूर्यफुलाच्या बिया किती खाता?"

"फार नाही हो. आपल्या बोलता बोलता."

"आणि बोलता किती?" शेजारची कामोला म्हणाली. "उस्ताद, हिच्या अंगणात टरफलं तुडवतच आत जावं लागतं!"

"तूच खिसे भरून नेतेस की गं!"

वर्ग खळखळून हसला. उस्ताद मात्र ओठ घट्ट मिटून उभे. "पोरी, अल्लानं दात सरळ धारेचा दिला होता. खाच तुमच्या घराण्यानं पाडली, एकाच जागी बी धरून फोडफोडून."

ओयगुलच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मग मी मागेच राहणार?"

"दुपारपर्यंत वेळ आहे. आरसा ठेव झाकून. कपाटातला प्लास्टरचा दात घे."

तिनं त्या दातावरून बोट फिरवलं. गुळगुळीत, सरळ. असा दात तिनं कुणाच्याच तोंडात पाहिला नव्हता.

"हा कुणाचा, उस्ताद?"

"कुणाचाच नाही. म्हणून तर शिकायला बरा."

जेवायलाही न उठता तिनं मेणाचा नवा ठोकळा कोरायला घेतला. दुपारी उस्तादांनी धारेवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि तोंडभर हसले. "पास!"

आणि त्यांच्या वरच्या पटाशीच्या दाताची खाच साऱ्या वर्गाला दिसली. चांगली आजीइतकी खोल.

कामोलानं कोपरखळी मारली. ओयगुलनं नजर खाली वळवली.

"काय बघितलंस?"

"काही नाही, उस्ताद."

"हं. उद्या वेळेवर ये. जबडे थोडेच आहेत." ते दारापाशी घुटमळले. "आणि येताना..."

"बिया आणू, उस्ताद?"

"सोललेल्या आण," उस्ताद हळूच म्हणाले.