सव्वीस किलोंची घट

विट्याच्या लालासाहेबांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता : काटा आणि स्वतःची नजर. त्यातही मोतीबिंदू सुरू झाल्यापासून नजरेकडेही ते जरा संशयानंच बघत.

कोइमतूरला बत्तीस वर्षं त्यांनी गलाईचं दुकान चालवलं, लोकांचं सोनं गाळून शुद्ध करून दिलं. मुशीत घातलेलं आणि मुशीतून निघालेलं यांत जी घट येते, तिच्या आडोशालाच चोर बसलेला असतो, एवढं शिक्षण त्यांनी तिथं पुरं केलं. गावी परतल्यावर बायकोनं, राहीबाईंनी, गिरणीतून आणलेलं पीठसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय डब्यात जात नसे.

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तीही संशयापोटी. "पंपावर आकडा पळताना दिसतोय, पण टाकीत काय पडलं ते कुणी बघितलंय?" असा त्यांचा सवाल. वीज निदान घरच्या मीटरमधनं यायची.

पण दोन वर्षांत बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. द्राक्षाची बाग नऊ किलोमीटरवर. जाताना उतार, त्यामुळे जाणं झोकात. येताना बिरोबाच्या देवळाचा चढ लागला की स्कूटर बसायची. तीनदा ती बिराप्पाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून घरी आली आणि शेजारी पोत्यावर लालासाहेब. तिसऱ्या खेपेला कोइमतूरहून दिवाळीसाठी आलेला मुलगा ऋषिराज दारातच उभा होता.

"आबा, बास झालं. आता एकदा जरी ट्रॉलीतनं आलात, तर बाग वाट्यानं द्यायची आणि तुम्ही दोघांनी कोइमतूरला यायचं. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"लिफ्टात बसून काय द्राक्षं छाटू?" लालासाहेब म्हणाले. पण रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर माधवनगरच्या सुमंतकडे टाकली. सुमंत सूतगिरण्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. गिरण्या गप्प झाल्यापासून त्याचे हात मोकळे होते आणि डोकं त्याहून मोकळं. पुण्यातून तो लॅपटॉप कॉम्प्युटरच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्या आणायचा. त्यातले एक-दोन सेल मेलेले असतात, बाकीचे धडधाकट. असे दोनशे लिथियम सेल तपासून, जोडून त्यानं एक डबा तयार केला. आठ दिवसांनी लालासाहेब राहीबाईंना घेऊन स्कूटर आणायला गेले. पिशवीत ताणकाटा होताच.

जुन्या तीन बॅटऱ्या छत्तीस किलो भरल्या. नवा डबा दहा.

"बाकीचं कुठाय?"

"बाकीचं म्हणजे, काका?"

"छत्तीस दिलं, धा आलं. सव्वीस किलो घट? सोन्यात एवढी घट काढली असती तर लोकांनी मलाच मुशीत घातलं असतं."

सुमंत हसला. "अहो, तुमचं शिसं हे काय कोपऱ्यात आहे. हे लिथियम. हलकंच असतं. त्यातच तर सगळा फायदा आहे. वजन वाचवलंत की चढ चढणार."

"हलकं." लालासाहेबांनी शब्द जिभेवर घोळवला, चव आवडली नाही. "खोटं सोनंबी हलकंच असतंय. डबा उघडून दाव."

"सील केलाय. आत दोन पट्ट्या एकमेकींना लागल्या तर आपण तिघं दुकानासकट जाऊ."

"बघ," ते राहीबाईंकडे वळले, "दावत न्हाई."

"आवं, लग्नाआधी माझं त्वांड तरी उघडून बघितलं हुतं का? चाललंच न्हवं चाळीस वर्सं?"

"तवापासनंच बघून घ्यायला लागलोय," लालासाहेब म्हणाले आणि जुन्या बॅटऱ्या मोजून ताब्यात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. ऋषिराज आंघोळीला गेलेला बघून लालासाहेबांनी जुन्या बॅटऱ्या एकेक करून पोत्यात भरल्या आणि पोतं स्कूटरवर पायांपाशी ठेवलं. त्या जोडायच्या कशा हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण पायाशी वजन असलं की जिवाला बरं वाटत होतं.

"ह्ये काय?" राहीबाईंनी विचारलं.

"फवारणीचं औषध."

बागेपर्यंत स्कूटर सरळ गेली. परतताना बिरोबाच्या निम्म्या चढावर लाल दिवा लागला, मोटार तापून वास सुटला आणि गाडी थांबली. लालासाहेबांना आधी आनंदच झाला : फसवणूक झाली होती, आणि त्यांनी ती ओळखली होती. मग कोइमतूरचा तिसरा मजला आठवला.

मागून ट्रॅक्टर आला. बिराप्पानं न सांगताच ट्रॉलीची फळी खाली सोडली. "चला लाला. जागा तुमची ठरलेलीच हाय."

"तुजी तूच बस."

बिराप्पानं पोत्याला पाय लावला. "काय हाय ह्यात?"

"जुन्या बॅटऱ्या."

"आन् त्या कशापायी? गड्या, म्हातारा बसवून वर म्हातारीच्या माहेरचं सामान लादल्यागत झालं की. मोटार तापंल न्हाई तर काय!"

सुमंतचं बोलणं लालासाहेबांना आता ऐकू आलं. वजन वाचवा. त्यांनी डब्याकडे बघितलं, ट्रॉलीकडे बघितलं. दहा किलोंवर भरवसा ठेवायचा, की छत्तीस किलोंसकट पोत्यावर बसायचं? मोटार हाताला गार लागेपर्यंत ते देवळाच्या पायरीवर बसून राहिले. मग उठले आणि पिशवीतून काटा काढला.

"धर. एकेक टांग. बारा... बारा... बारा. छत्तीस. बघून घे. घरी पुन्ना मोजणार."

"माज्यावर बी संशय?" बिराप्पा म्हणाला. पण मोजून घेतलं.

पोतं ट्रॉलीत चढलं. लालासाहेब मोकळ्या स्कूटरवर बसले. पाय ठेवायला एवढी जागा असते हे ते विसरूनच गेले होते. स्कूटरनं चढ धरला, मध्ये कुरकुरली, पण थांबली नाही.

ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ऋषिराज दारात आला, तर स्कूटर आधीच जोत्याला लावलेली आणि आबा पाय धूत होते. ट्रॉलीत एकटं पोतं बसून आलेलं.

"छाटणी सोमवारपासनं," लालासाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले. ऋषिराज पोतं उतरवायला पुढं झाला.

मग काटा पुन्हा निघाला. पस्तीस किलो आणि वर थोडं.

"बॅटरीतलं पाणी सांडलं आसंल, लाला," बिराप्पा म्हणाला. "रस्ता बघितलाय न्हवं?"

लालासाहेबांनी पोत्याचा ओला कोपरा हुंगला, बिराप्पाकडे डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं. घट आली होती. जग होतं तसंच जागेवर होतं.

"राहीबाई," त्यांनी आत हाक मारली, "वाढ गं. लय भूक लागलीया."