दहा मिनिटांत दारात

माणसाने अंतर कायमचं जिंकलं आहे, असं मुलाने फोनच्या पडद्यावरून जाहीर केलं, तेव्हा निवृत्त लाइनमन पलंगावर होते. संडास सात पावलांवर होता. ते अंतर जिंकायला त्यांना सकाळी पाव तास लागला होता.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर काढली. कमरेला पट्टा, दातात पक्कड. तेव्हा लोक फोनसाठी चार-चार वर्षं वाट बघत आणि घंटा वाजली की शेजाऱ्यांसकट धावत. आता फोन खिशात आला होता आणि वाट बघणं हा आजार ठरला होता.

सोमवारी हृदयाचं ऑपरेशन होतं. मुलगा दोन विमानं बदलून यावं लागेल इतका लांब. एकदा येऊन जा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तीन दिवस ते वाक्य तोंडात घोळत होतं.

"बाबा, संकोच करू नका. काय हवं ते बोला. दहा मिनिटांत दारात."

"अरे, सोमवारी..."

"सोमवारचं सगळं बुक झालंय. डॉक्टर मला मिनिटामिनिटाला मेसेज टाकणार आहेत." मुलाचे डोळे मध्येच दुसऱ्या कुठल्या तरी निरोपाकडे गेले नि परत आले. "अजून काय?"

"काही नाही रे. पाठ खाजते."

हे अगदीच खोटं नव्हतं. उजवा हात अर्धांगवायूने गेलेला, डावा तिथवर पोचत नव्हता. पूर्वी खांबावरून उतरून घरी आले की बायको न विचारता नेमक्या जागी खाजवायची. वर ऐकवायची, साऱ्या गावाच्या तारा दुरुस्त करता आणि स्वतःच्या पाठीपर्यंत हात जात नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मुलगा हसला, त्याने कुठेसं बोट फिरवलं आणि फोन ठेवला. नवव्या मिनिटाला लोटलेलं दार वाजलं. पिकल्या मिशांचा डिलिव्हरीवाला आत आला. खोकं फोडायला लाइनमनना एक हात कमी पडला, म्हणून त्यानेच ते फोडलं. आतून लांब दांड्याचा लाकडी हात निघाला. पाची बोटं जागच्या जागी. डिलिव्हरीवाल्याने पोचल्याचा फोटो काढला. क्षणात उशाशी फोन किणकिणला आणि मुलाचा पिवळा अंगठा उमटला.

लाइनमननी डाव्या हाताने दांडा मागे नेऊन पाहिला. तो भलतीकडेच लागत होता.

डिलिव्हरीवाला उंबऱ्याशी पोचला. त्याची पुढची दहा मिनिटं सुरू झाली होती.

"दादा, घाई आहे, दिसतंय मला," लाइनमन म्हणाले. "पण जरा... नाही, तो दांडा नको. तुमच्याच हाताने. डावीकडे. थोडं खाली."