काळा पडणारा रस्सा

डाळजच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी बाहेर गाडी लावायला जागा नव्हती. लोणी देवकरच्या कंपनीतली पोरं शिफ्ट बुडवून आली होती, बारामतीहून जीपा भरून बाया आल्या होत्या, आणि जो तो हातात डबा घेऊन उभा होता. डब्यात काय, तर मटणाचा रस्सा. जेवायला नव्हे हो, तपासायला.

निर्विषनाथ महाराज स्टेजवर बसले होते. नवरदेवाच्या खुर्चीत.

"रस्सा गार करूनच आणा," ते माईकवरून सारखं बजावत होते. "गरम रश्शात दोष झोपलेला असतो. गार झाला की डोळे उघडतो."

मग पांढऱ्या ताटलीत पळीभर रस्सा घ्यायचा, मंत्र पुटपुटायचा आणि वरून तांबूस तीर्थाचे थेंब सोडायचे. लालभडक रस्सा बघता बघता काळानिळा पडायचा. बाया 'अगं बाई' करायच्या, पुरुष नुसतेच हात जोडायचे. तेच तीर्थ साखरेच्या पाण्यात टाकलं की पाणी फक्त पिवळट व्हायचं.

"हे सात्त्विक," महाराज म्हणायचे. "आणि हा काळा, हाच तुमच्या गळ्यात, पोटात गाठी धरतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनीसुद्धा मान्य केलंय."

कुठल्या परदेशातल्या, हे विचारायला मी हात वर केला. माईक माझ्याकडं आला नाही.

मी युवराज. भिगवणजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या ठिकाणी मी हौसेनं जात नाही. माझी आई शकुबाई आमच्या रेश्मावहिनीला घेऊन निघाली होती आणि गाडी चालवायला दुसरं कोणी नव्हतं.

वहिनीला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता. पुण्याला ऑपरेशन होऊन ग्रंथी काढली होती. आता उरल्यासुरल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीनचं औषध द्यायचं होतं, येत्या सोमवारी. त्यासाठी डॉक्टरांनी थायरॉइडची रोजची गोळी थांबवली होती. मीठ बिनआयोडीनचं वापरा, दूध, अंडी, समुद्राचे मासे बंद, असंही सांगितलं होतं. गोळी बंद असल्यानं वहिनी बोलता बोलता डोळे मिटायची. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. माणूस गळाला की त्याला मटण खाऊ घालायचं, एवढं एकच औषध आम्हाला पाठ. पण शेजारच्या झुंबरकाकूंनी आईच्या कानात सोडलं, की कॅन्सरला मटण म्हणजे विष, आणि महाराज ते डोळ्यांनी दाखवतात. मग आई कशाला ऐकते कुणाचं!

आमचा नंबर आला. रस्सा काळा पडला. आईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला.

"माय, आता मटण बंद, दवाखाना बंद," महाराज वहिनीला म्हणाले. "हे तीर्थ सकाळ-संध्याकाळ घ्यायचं."

"सोमवारी पुण्याला जायचं हाय मला," वहिनी म्हणाली.

"पुण्यात यंत्रं आहेत. दृष्टी इथं आहे."

वहिनीनं तीर्थाची बाटली हातात घेतली, झाकण काढलं आणि वास घेतला. मग परत घेतला.

"भाऊजी, हितं या जरा. आपरेशनच्या आधी नर्सबाईनं माझ्या गळ्याला जे फासलं हुतं ना, त्येचा वास येतोय ह्येला."

मी नाक लावलं. लांबून रंग दिसतो, वास कळत नाही. ते आयोडीन होतं. दर वर्षी वर्गात मी बटाट्याच्या फोडीवर ह्याचेच थेंब टाकतो आणि पोरं काळी पडलेली फोड बघून खूश होतात. स्टार्चला आयोडीन लागलं की रंग काळानिळा होतो. गरम असेल तर रंग टिकत नाही, म्हणून तर महाराजांचा दोष गरम रश्शात झोपायचा. आणि आमच्याकडं रस्सा दाट व्हायला येसूर घालतात, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. काळं पडत होतं ते पीठ. बकऱ्याचा त्यात काही गुन्हा नव्हता.

महाराजांच्या खुर्चीमागं त्यांचं सात्त्विक जेवण झाकून ठेवलं होतं. वरण आणि गार भात. मी झाकण काढून भातावर तीर्थ ओतलं. भात शाईसारखा झाला.

"महाराज, भातात बकरं पडलं का वो?" मागून आमच्या गावच्या म्हाताऱ्या तात्याबांनी विचारलं.

लोक हसायला लागले. बारामतीच्या एका बाईकडं लेकरासाठी आणलेलं अळणी होतं, येसूर-तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं उकडलेलं मटण. त्यावर थेंब टाकले. मटण पिवळट झालं, काळं काही होईना.

"मास्तर, दोष तुमच्या हातात आहे," महाराज म्हणाले.

"मग तुमच्या हातानं टाका की," तात्याबा म्हणाले.

महाराजांची नेमकी तेव्हाच मौनाची वेळ झाली. मौनातच ते मागच्या दारानं गाडीत जाऊन बसले.

लोक टाळ्या पिटत होते, मीही हसत होतो. वहिनी तेवढी हसत नव्हती.

"आत्या," ती आईला म्हणाली, "मला तुमी काढा देताय, त्येला बी ह्योच वास येतोय."

झुंबरकाकूंनी ह्याच तीर्थाची एक बाटली आधीच घरी आणून दिली होती.

"चमचा चमचाच घातलं गं," आई म्हणाली. "तू बरी व्हावीस म्हणून."

वहिनीच्या पेशींना आयोडीनची भूक लागावी, मग औषधाचं आयोडीन त्यांनी ओढून घ्यावं आणि मरावं, एवढ्यासाठी तर ते सगळं पथ्य होतं. आईनं त्या पेशींना घरात बसून पोटभर जेवू घातलं होतं, आता औषधाकडं त्या बघणार नव्हत्या.

पुण्याला डॉक्टर उत्कर्षाबाईंनी तपासण्या केल्या आणि सोमवार रद्द केला. शरीरातलं आयोडीन उतरायला बरेच आठवडे जाणार. तोवर गोळी चालू, मग परत बंद, परत तीच मरगळ. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. गोळ्यांची नवी चिठ्ठी तिनं आईच्याच हातात दिली, आणि ते आईला जास्त लागलं.

निघताना आई दारात थांबली. "बाई, हिला मटण चालंल का?"

"चालेल की," डॉक्टर म्हणाल्या. "ताजं आणा, घरी नीट शिजवा, पथ्याच्या दिवसांत बिनआयोडीनचं मीठ घाला आणि बेतानं द्या. हॉटेलचं, खारवलेलं किंवा तयार मसाल्यातलं नको, त्यात कुठलं मीठ असतं ते कळत नाही. पण आजी, हे पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?"

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात बकऱ्याचं कसं इचारायचं? लाज वाटली."

डबा उघडून हजार माणसांत महाराजापुढं धरायला तिला लाज वाटली नव्हती. असल्या महाराजांचं दुकान आपल्या ह्याच लाजेवर चालतं, तीर्थाचं नाव नुसतं पाटीवर असतं. म्हणून हात जोडून सांगतो, काय खाऊ, काय नको, ते ज्यानं तुम्हाला तपासलंय त्याला विचारा. मटणाचं विचारा, दारूचं विचारा, उपासाचं विचारा. डॉक्टर फार तर हसेल. वहिनीच्या गळ्यातल्या पेशी मात्र अजून जिवंत आहेत, आणि आम्ही पुढच्या तारखेची वाट बघतोय.