मोज्यांत लपवलेली थैली

हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. परत येताना विमानात दादा वहिनीला म्हणाला होता, "घरी यातलं एक अक्षर नाही." वहिनी म्हणाली, "माझ्याकडून नाही जाणार. तू तुझं तोंड सांभाळ." मला कोणी शपथ घातली नाही, थैलीला कोण घालतं? पण मी तेव्हा तिच्या मांडीवरच होते, म्हणजे ठराव मलाही लागू होता. तो मी आज मोडतेय. का, ते शेवटी सांगेन.

मी एक हिरवी थैली. आधी मी रेनकोट होते, धाकटीचा. धाकटी म्हणजे दादाची बहीण, यंदा नववीत आहे. रेनकोट तिला बाह्यांत तोकडा झाला, तेव्हा तिने पाठीचा चांगला तुकडा कापला, जुन्या दप्तराची चेन उसवून लावली आणि मला दुहेरी टीप घालून शिवलं. चेन बोटभर कमी पडली. टोकाशी फट राहिली.

"राहू दे," आई म्हणाली. "तिथून काय हत्ती निसटणार आहे?"

दादा-वहिनीच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि ते पहिल्यांदाच परदेशी निघाले होते. पासपोर्ट ठेवायला मी. वहिनीने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "किती नीट शिवलंयस गं!" धाकटी नुसती हसली. ती वहिनीसमोर फार बोलत नाही. तिला जे बोलायचं होतं ते तिने आदल्या दिवशीच एका चिठ्ठीत लिहिलं होतं आणि चिठ्ठीची घडी करून माझ्या फटीशी खोचून ठेवली होती. लिहिताना ती स्वतःशी पुटपुटते, म्हणून मला ती पाठ आहे. वहिनीला चिठ्ठी दिसलीच नाही. पासपोर्ट सरकवले, चेन ओढली, निघाले.

निघताना आईने वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "मोलाची वस्तू घाणेरड्या जागी ठेवावी. चोर तिथे हात घालत नाही." आईची स्वतःची सोनसाखळी वीस वर्षं फरशी पुसायच्या फडक्यांच्या डब्यात असते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. निदान वहिनीला तसं वाटलं.

तिकडे पोचल्यावर सुरुवातच अशी झाली की माणसं आली आणि बॅग आलीच नाही. ती तिसऱ्या दिवशी आली. पाचव्या दिवशी दादाने उलट्या दिशेची गाडी पकडली आणि चाळीस मिनिटं "बरोबरच चाललोय" म्हणत राहिला.  

सहावा दिवस शनिवार, परतीचा. विमान संध्याकाळी होतं. सोमवारी सकाळी नऊला वहिनीला नव्या नोकरीवर, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, हजर व्हायचं होतं. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "सोमवारी आला नाहीत तर दुसरी मुलगी तयार आहे." या नोकरीसाठी तिने दोन वर्षं अर्ज केले होते.

सकाळी वहिनी आंघोळीला गेली. जाताना तिने रोजच्यासारखं मला मळक्या मोज्यांच्या गुंडाळीत कोंबलं. आणि दादाला वाटलं, कालची भरपाई करावी. त्याने मळक्या कपड्यांचं बोचकं उचललं, मोज्यांसकट, आणि खाली गल्लीत नेलं. तिथे नाणी टाकून कपडे धुवायच्या मशिनींचं दुकान होतं. मला वाटलं, आता तो मोजे सुटे करील. पण पुरुष मोजे सुटे करत नाहीत.

काचेचं दार बंद झालं. कट् असा आवाज आला आणि वरून पाणी.

पाठीवर पाऊस घेण्यात माझं बालपण गेलं, पाण्याला मी भीत नाही. पण तेव्हा माझ्या आत कोरडी ठेवायची मुलगी होती आणि ती हलत होती, मला सावरून घेत होती. इथे मी नुसती आपटत होते. वर, खाली, वर, खाली. शिवणीच्या भोकांतून थेंब येऊ लागले. फटीतून धारच यायची, पण तिथे चिठ्ठी होती. ती भिजली, फुगली आणि बुचासारखी घट्ट बसली.

काचेपलीकडे वहिनी दिसली. केस ओले, पायात दादाच्या चपला.

"मोजे कुठे आहेत?"

"आत. बघ, नवरा कसा कामाचा..."

"पासपोर्ट आहेत त्यात!"

दादाचा चेहरा मी फिरता फिरताच पाहिला. एकदा सरळ, एकदा उलटा.

"मोज्यांत? मोज्यांत कोण ठेवतं पासपोर्ट?"

"तुझी आई सांगते! त्या घरात तू वाढलास की मी?"

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट अडली की आधी वीज तोडायची, ही त्याच्या हाताची सवय. त्याने मशिनीचा प्लग उपसला. मशीन थांबली, आणि मी पोटभर पाण्यात तशीच बुडून राहिले. दाराला हिसका दिला तर दार ढिम्म. विजेशिवाय ते उघडत नाही आणि पाणी असेतो विजेनेही उघडत नाही.

"उघड ना!"

"उघडत नाहीये!"

"लोकांना विसाव्या मजल्यावरून सोडवतोस ना तू? मग हे दार उघड!"

"ओरडू नकोस, मला विचार करू दे!"

"आज शनिवार आहे. पासपोर्टचं ऑफिस सोमवारी उघडणार. सोमवारी मी कुठे असायला हवी?" एवढं बोलून ती खाली फरशीवर बसली.  

कोपऱ्यात एक म्हातारी चादरींच्या घड्या घालत होती. तिला यातलं अक्षर कळलं नसणार. ती उठली, मशिनीच्या तळाशी असलेल्या छोट्या झाकणावर चपलेने टकटक केलं आणि एक प्लास्टिकचं घमेलं पुढे सरकवलं. दादा गुडघ्यांवर बसला. झाकणामागची नळी ओढली. पाणी घमेल्यात पडायला लागलं. घमेलं भरलं की वहिनी धावत जाऊन ओतायची. चार घमेली झाली. मग प्लग परत लावला. कट्.

वहिनीने मला मोज्यांतून सोडवून उघडलं. पासपोर्टांचे कोपरे भिजले होते, फोटो आणि अक्षरं शाबूत होती. फटीतून तिने कागदाचा एक लगदा काढला. त्यावर शाईचा निळा डाग फक्त उरला होता.

"हे काय होतं?" ती म्हणाली.

"कसलं तरी बिल असेल," दादा म्हणाला, आणि त्याने तो कचऱ्यात टाकला.

विमानतळावर खिडकीतल्या माणसाने वहिनीच्या पासपोर्टचा लाटांसारखा कोपरा अंगठ्याने चोळला. पानं उलटली. पुन्हा पहिल्या पानावर आला. दादाने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी टीप ताणली. मग शिक्का पडला. सोमवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना वहिनी लॅबच्या दारात होती.

सगळं निभावलं म्हणाल. पण त्या चिठ्ठीत हे होतं: "वहिनी, दादाच्या खोलीतल्या टेबलावर मी आधी संध्याकाळी अभ्यास करायची. आता बसले तर चालेल का? तोंडाने सांगू नका, मला लाज वाटेल. हो असेल तर परत आल्यावर दार उघडं ठेवा. मी समजेन."

वहिनी दमून येते आणि दार लोटून पडते. मी त्याच दारामागे खुंटीवर असते. रोज संध्याकाळी बाहेर पावलं येतात, थांबतात, परत जातात. धाकटी स्वयंपाकघरात पाटावर वही ठेवून वाकून लिहिते. तिला वाटतं, तिला उत्तर मिळालं. म्हणून मी ठराव मोडला. दोघांपैकी कोणी तिला एवढंच सांगा, की ती चिठ्ठी कोणी वाचलीच नाही, तिच्यामुळे तर पासपोर्ट...

"धाकटे, अगं, माझ्या खोलीत दारामागे ती हिरवी थैली आहे, आण जरा!" वहिनी बाहेरच्या खोलीतून हाक मारतेय.

पावलं आली. थांबली.

"वहिनी... दार लावलंय."

"लावलंय कुठे? नुसतं लोटलंय गं. ढकल की!"

ऐकलंस ना, धाकटे? नुसतं लोटलंय. तू आत ये, टेबल तिथेच आहे, आणि मला खुंटीवरून काढताना माझ्या फटीत बोट घालून बघ, तिथे अजून तुझ्या भिजलेल्या चिठ्ठीच्या शाईचा डाग...